दौलताबादची दुबार वेल



महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास ज्या देवगिरीस आपली राजधानी केली, त्या दौलताबादेस पुढे त्याचाच एक काजी, मोरोक्कोचा इब्न बतूता, आला, तेव्हा या नगरात द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवली. परदेशी प्रवाशास ते ऐश्वर्य वाटणे साहजिकच होते. परंतु द्राक्षबागेत हयात घालविलेल्या माणसास त्याच नोंदीत वेलीची दमछाक दिसेल. कारण हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होणे हा या वेलीचा मूळ स्वभाव असून, दख्खनची थंडी तिला ती निद्रा पुरेशी देत नाही; म्हणून आपला बागायतदार एप्रिलात काडीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळासाठी गोडी छाटणी करून कात्रीनेच ऋतू घडवितो, व दोनदा फळू पाहणाऱ्या वेलीकडून एकच पीक घेतो.

इतके करूनही ती लवकर थकते, आणि पंधरावीस वर्षांत बाग मोडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. स्लोव्हेनियातील मारिबोर येथे मात्र चारशे वर्षांहून जुनी वेल अद्याप फळते आहे.

लाल वाईनचा विचार करताना वेलीचे हे वय फार महत्त्वाचे ठरते. या वाईनचा रंग बहुतेक जातींत द्राक्षाच्या गरात नसून सालीत असतो, म्हणून पांढऱ्या वाईनप्रमाणे रस आधी पिळून न घेता तो सालीबियांसकट आंबवितात. आणि मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल अधिक. स्पेनमधील प्रिओरातच्या खडकाळ डोंगरउतारांवर जुन्या वेली लहान मण्यांचे मूठभर घड देतात, आणि त्यांच्याच बळावर तो ओसाड पडू लागलेला प्रांत १९८९ नंतर पुन्हा नावारूपास आला. आपल्या मंडईस टपोरा, पातळ सालीचा मणी हवा असतो. म्हणजे हिशेब नेमका उलटा!

आपल्याकडे नारायणगावी शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात वाईन उद्योगाचा पाया घातला, आणि २००१ साली शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून विंचूर व पलूस येथे वाईन पार्क नेमले. या धोरणाने परवान्याची वाट मोकळी केली, हे मान्य; पण जमाबंदीच्या काळापासून आपल्या हाडीमाशी खिळलेली, एकरी उत्पन्नावरून जमिनीची किंमत करण्याची सवय त्याने मोडली नाही.

दौलताबाद ते खुलताबाद या टापूत, काळ्या कातळावरच्या मुरमाड उतारांवर, आज सीताफळ आनंदाने वाढते. पाणी धरून न ठेवणारी ती जमीन वाईनच्या वेलीसही मानवेल, असे मला वाटते. मात्र तेथे लावलेली वेल विसाव्या वर्षी उपटावयाची नसेल, तर तिचे फळ टनाच्या भावाने कारखान्यास घालून भागणार नाही, कारण थोडे पिकविणाऱ्या वेलीस तो व्यवहार जगू देणार नाही. वेल ज्याची, वाईनही त्यानेच करावी आणि आपल्या मळ्याच्या नावाने विकावी, तरच त्या अपुऱ्या घडांचे मोल त्याच्या पदरी पडेल.