पुढच्या वेळी



आपण दहावी झालो त्या वर्षी ‘टायटॅनिक’चं गाणं सगळीकडे वाजत होतं, ‘माय हार्ट विल गो ऑन’. सिनेमात गाणं नकोच, असं दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांचं म्हणणं होतं. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी त्यांना न सांगता विल जेनिंग्ज यांच्याकडून शब्द लिहून घेतले. सेलिन डिऑन यांनाही गाणं आवडलं नव्हतं. नवऱ्याच्या आग्रहाखातर त्या डेमोपुरतं गायल्या. तोच आवाज पुढे पक्क्या गाण्यात राहिला आणि १९९८ साली गाण्याला ऑस्कर मिळालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे डेमो म्हणजे नंतर टाकून द्यायची गोष्ट. म्हणूनच हा किस्सा माझ्या मनाला लागतो.

निरोप समारंभात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मला गायला सांगितलं होतं. “तयारी नाही बाई, पुढच्या वेळी,” असं म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आज बाई नाहीत. तयारी आजही नाही. पण माईक हातात आहे. आधी गाते, मग जेवायला बसू.