सरड्याची बाजू

एखाद्या गृहस्थाने सकाळी एक बोलावे आणि संध्याकाळी त्याच्या नेमके उलट करावे, की आपण चटकन म्हणतो, "अहो, सरडा आहे तो नुसता!" एवढे म्हटले की निकाल लागला. माणसाच्या लबाडीला आपण एका मुक्या प्राण्याचे नाव देऊन टाकले आहे आणि त्या प्राण्याला मात्र कोणी काही विचारलेले नाही. आज दहा-बारा मिनिटांत त्याची बाजू आपल्यापुढे मांडावी, असे मनात आहे. मी काही प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात साहित्य शिकवतो. पण या प्राण्याची बदनामी मुख्यतः साहित्यानेच केलेली असल्यामुळे, त्या ऋणाची थोडीशी फेड करणे माझ्याकडे येते.

आधी एक घोटाळा दूर करू. मराठीत आपण 'सरडा' या एकाच शब्दात दोन निराळे प्राणी कोंबले आहेत. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीतला सरडा म्हणजे आपल्या परसातला, कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, चाहूल लागताच सुळकन पळणारा. विणीच्या हंगामात नराचे डोके आणि खांदे लालभडक होतात. म्हणून तो रक्त पितो अशी समजूत झाली. ती अर्थातच खोटी आहे. दुसरा प्राणी म्हणजे घोयरा, ज्याला शास्त्रज्ञ शॅमेलिऑन म्हणतात. रंग बदलण्याची खरी कीर्ती याची. आणि याला धाव अशी नाहीच! एक पाऊल उचलायचे, ते पुढेमागे झुलवायचे, टाकू की नको असा विचार करायचा आणि मग टाकायचे. वाऱ्याने हलणाऱ्या पानाची ही हुबेहूब नक्कल असते. भारतात खऱ्या शॅमेलिऑनची ही एकच जात आहे, आणि ती आपल्या माळरानांत, झुडपांत, शेतांच्या बांधांवर राहते.

या घोयऱ्याची आणि माझी पहिली भेट मला आजही सुखाने आठवत नाही. माझे आजोळ पुण्याच्या पूर्वेला, बोरी-बाभळींच्या माळावर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले विहिरीकडे निघालो होतो. वाटेत धुळीमध्ये एक हिरवट प्राणी झुलत झुलत चालला होता. आजीने लांबूनच हाक मारली, "हात लावू नका रे, विषारी असतं ते! फुंकर मारली तरी अंग सुजतं!" झाले. पहिला दगड मामेभावाने मारला, दुसरा मी. माझा लागला. जवळ जाऊन पाहतो तो त्याचे पोट फुटले होते आणि आत पांढुरकी अंडी होती. मरतामरता त्याच्या अंगावर काळे डाग उमटत गेले. "बघ, मरतानासुद्धा रंग बदलतोय," मामेभाऊ म्हणाला. आम्ही हसलो. त्या हसण्याची लाज पुष्कळ वर्षांनी वाटली.

घोयरा विषारी नाही. सबंध आयुष्य फांदीवर काढणारी त्याची मादी पावसाळा सरला की अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, भुसभुशीत जागा पाहून खड्डा उकरते, अंडी पुरून पुन्हा झाडावर जाते. आम्हांला भेटली ती त्याच कामाला निघालेली होती. पळता येत नसल्यामुळे ती वाटेत सापडली, एवढाच तिचा अपराध.

आता हा प्राणी जरा निरखून पाहू. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, पानासारखे. डोक्यावर टोपासारखा उंचवटा. पायाची पाच बोटे दोन जुडग्यांत वाटलेली, एकीकडे दोन आणि एकीकडे तीन, म्हणजे पाय कसला, चिमटाच तो! शेपूट फांदीला वेटोळे घालणारी, जणू पाचवा हात. डोळे तर नवलाचे. पापणी सगळी मिटलेली आणि मध्ये बाहुलीपुरते छिद्र. हे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. एक आकाशातली घार पाहतो, तेव्हा दुसरा पानावरची माशी पाहत असतो. माशी नक्की झाली की दोन्ही डोळे तिच्यावर रोखले जातात आणि जीभ सुटते. ही जीभ कित्येक जातींत शरीराच्या दुप्पट लांब जाते. धनुष्याची दोरी ताणून बाण सोडावा तशी ती आधी ताणलेली असते, म्हणून आपली पापणी लवायच्या आत सगळा कारभार आटोपतो. जिभेच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेच्या सुमारे 400 पट दाट असते, असे 2016 साली संशोधकांनी मोजून दाखवले.

हा वेग इतका, की जुन्या लोकांना त्याचे खाणे दिसलेच नसावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने लिहून ठेवले, की हा प्राणी हवेवर जगतो. ही कल्पना पुढे इतकी रुजली, की शेक्सपिअरचा हॅम्लेटही आपण शॅमेलिऑनचे जेवण जेवतो, म्हणजे हवा खातो, असे राजाला सुनावतो. मौज अशी, की प्लिनीच्या आधी चार शतके ॲरिस्टॉटलने हा प्राणी चिरून, त्याच्या डोळ्यांचे आणि बोटांचे बरेचसे बरोबर वर्णन केले होते. पाहणाऱ्याचे मागे पडले आणि ऐकणाऱ्याचे पुढे गेले. आमच्या साहित्यात असे वारंवार होते!

आता मुख्य आरोपाकडे येऊ. रंग बदलणे. आपली समजूत अशी, की जशी जागा तसा हा रंग घेतो. ती बरीचशी चुकीची आहे. घोयऱ्याला पैठणीवर ठेवला तर त्याच्या अंगावर जरीचे मोर उमटणार नाहीत. त्याचा नेहमीचा, स्वस्थपणाचा रंगच पानाफांद्यांशी मिळताजुळता असतो. बदल होतो तो मुख्यतः आतल्या कारणांनी. सकाळी थंडी वाजत असली की तो काळसर होतो, म्हणजे ऊन अधिक शोषले जाते. भीती वाटली, राग आला, मादी दिसली, प्रतिस्पर्धी समोर आला, की रंग पालटतो.

हे घडते कसे? जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली मादागास्करमधल्या एका भडक रंगाच्या जातीवर याचा उलगडा केला. तिच्या कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर कातडीतल्या पिवळ्या द्रव्याची छटा चढून आपल्याला हिरवा दिसतो. नर खवळला, की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश परतू लागतो. मोराच्या पिसात किंवा साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसलाच हा प्रकार. रंग बाहेरून लावलेला नसतो, उजेडाची मांडणी आतून बदललेली असते.

आणि त्या रंगांचा अर्थ काय? ॲरिझोना राज्यातल्या एका विद्यापीठात दुसऱ्या एका जातीच्या नरांच्या झुंजींचा अभ्यास झाला. 2013 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याच्या अंगावरचे पट्टे अधिक उजळतात तो पुढे सरसावतो. ज्याच्या डोक्याचा रंग अधिक उजळतो आणि चटकन पालटतो तो बहुधा जिंकतो. आणि हरणारा काळवंडतो. 'मी हरलो, आता पुरे,' असे तो अंगावर लिहून दाखवतो, म्हणजे मारामारी विकोपाला जात नाही.

श्रोतेहो, जरा विचार करा. याला लबाडी म्हणायचे? आपण मनात राग धरून तोंडावर हसू आणतो. हरलो तरी जिंकल्याचा आव आणतो. या प्राण्याच्या मात्र जे पोटात ते पाठीवर! आजोळच्या त्या मादीच्या अंगावर काळे डाग उमटले, ते सोंग नव्हते. तिला जे होत होते ते तिची कातडी सांगत होती. आम्हांला ते वाचता आले नाही.

वाचणारे लोक मात्र होऊन गेले. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चितारी होता. पशुपक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. 1612 च्या सुमारास त्याने काढलेले घोयऱ्याचे एक चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसर येथे आहे. चित्र पोस्टकार्डापेक्षा फारसे मोठे नाही. एक फांदी, थोडी पाने, एक फुलपाखरू आणि त्याच्यावर टपलेला घोयरा. मी त्याची छापील प्रत एका ग्रंथालयात पाहिली आणि बराच वेळ पान उलटवू शकलो नाही. फांदीवरची बोटांची ती पकड, अंगावरचे कणाकणांचे पोत, तो रोखलेला डोळा! मन्सूरने त्याला लबाड केले नाही, भयंकर केले नाही. तो जसा आहे तसाच पाहिला. चार शतकांपूर्वी ज्याला इतक्या मायेने पाहिले गेले, त्याच प्राण्याला मी दगड मारला होता, हे मला त्या टेबलाशी प्रथम उमगले.

आपल्या पुराणांतही सरड्याला जागा आहे. एकदा दान दिलेली गाय नकळत दुसऱ्यांदा दान दिली म्हणून नृग राजा सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला. यादवांच्या पोरांनी दोर लावून ओढले, तरी तो निघेना. शेवटी श्रीकृष्णाने डाव्या हाताने सहज उचलला, अशी भागवतातली कथा. तिकडे आफ्रिकेतल्या झुलू लोकांत म्हणतात, की 'माणसांना मरण नाही' हा देवाचा निरोप घेऊन शॅमेलिऑन निघाला, पण वाटेत रेंगाळला. मागाहून मरणाचा निरोप घेऊन निघालेला दुसरा सरडा आधी पोचला. म्हणजे तिथेही बिचाऱ्यावर ठपकाच!

पण ज्या मुलखाला हा प्राणी सर्वांत जवळून माहीत आहे, तिथली म्हण मला फार आवडते. जगात शॅमेलिऑनच्या 200 हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. दोन फुटांहून लांब जातही तिथेच आणि बोटाच्या पेरावर मावणारीही तिथेच. या चिमुकल्या जातीचे वर्णन 2021 साली प्रसिद्ध झाले. एक जात तर आठ-नऊ महिने अंड्यात काढते आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत सगळे आयुष्य संपवते. त्या बेटावरचे लोक सांगतात, 'शॅमेलिऑनसारखे चाला. एक नजर पुढे ठेवा, एक मागे.' डोळे तेच, चालही तीच. आपण त्यांत लबाडी पाहिली, त्यांनी शहाणपण पाहिले.

आज त्या बेटावरची जंगले तुटत आहेत आणि काही जाती जंगलाच्या एखाद्या तुकड्यापुरत्या उरल्या आहेत. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला मारणे किंवा पाळणे गुन्हा आहे. परंतु माळावरच्या वाटेवर कायदा उभा नसतो. तिथे एक पोरगा असतो, आणि त्याच्या हातात दगड असतो. त्याला आधी कोणी काय सांगितले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

तेव्हा एवढीच विनंती. पावसाळा सरल्यावर रस्त्याने जाताना एखादा घोयरा झुलत झुलत चाललेला दिसला, तर सायकल थांबवा, मोटार थांबवा. हाताने उचलायचे धैर्य नसेल, तर एक काठी पुढे करा. तो आपल्या चिमट्यांनी ती घट्ट धरील. मग ती काठी ज्या बाजूला तो निघाला होता त्या बाजूच्या झुडपाला टेकवा. आणि बरोबर मुले असतील, तर हे काम त्यांच्याच हातून करवा.