अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी बोला, असे सांगायला कार्यवाह बाई घरी आल्या, तेव्हा मी विषय सांगितला आणि त्या क्षणभर गप्प झाल्या. "दुसरा एखादा विषय नाही का?" असे त्यांनी हळूच विचारले. दुसरे विषय पुष्कळ आहेत. पण ज्या दुखण्याबद्दल आपण बायका बोलत नाही, त्याच दुखण्याने आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. म्हणून हाच घेतला. विषय आहे गर्भाशयमुखाचा कर्करोग. आपल्या बोलण्यात, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत शिकवले. तेव्हा वर्गात सांगावे तसेच सांगते.

आधी घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पाळी जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. एके दिवशी त्यांना पुन्हा लाल दिसले. "उष्णता झाली असेल," म्हणून त्यांनी सब्जा घेतला, धण्याचे पाणी घेतले, आणि आठ महिने कोणाला कळू दिले नाही. जुन्या लुगड्याचे तुकडे त्या पहाटे उठून धूत असत. मी त्याच घरात राहत होते, मलाही कळले नाही. कळले तेव्हा रोग पिशवीबाहेर पसरला होता. २०११ साली त्या गेल्या. दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे बाईचा गुण समजतात. त्या गुणाची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

२०२२ साली भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रोगी स्त्रिया आढळल्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आकडा भयंकर खराच. परंतु या रोगाइतका सवड देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत जायला त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढी वर्षे चोर दाराशी बसून असतो. दार उघडून पाहायचे मात्र आपण.

हे पाहण्याची पहिली युक्ती डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची. हे गृहस्थ जन्माने ग्रीक, काम न्यूयॉर्कमध्ये. गर्भाशयमुखावरच्या पेशी हळुवार खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. या अभ्यासासाठी त्यांच्या पत्नी मेरी यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशी तपासायला दिल्या. १९४३ साली याविषयीचा त्यांचा ग्रंथ निघाला. आज आपण जिला 'पॅप' तपासणी म्हणतो ती हीच.

रोग कशाने होतो, हे मात्र पुढे चाळीस वर्षांनी उलगडले. जर्मनीतील डॉ. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ साली या कर्करोगाच्या गाठींतून ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, दोन प्रकार शोधून काढले: सोळावा आणि अठरावा. या रोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोघे मूळ असतात. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे ऐकून कोणी दचकू नये आणि कोणी कोणाकडे बोटही दाखवू नये. सरळमार्गी संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो केव्हा ना केव्हा गाठतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातोही. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांना धोका. तेव्हा हा रोग म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्राने या कामात काय केले ते ऐका. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना त्यांनी तपासणीचे शिक्षण दिले. साधने काय, तर उजेड आणि कापसाचा बोळा. स्वयंपाकातल्या व्हिनेगरचेच पातळ द्रावण गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे; बिघडलेली जागा पांढरी पडते. निम्म्या स्त्रियांची अशी तपासणी दर दोन वर्षांनी झाली. उरलेल्या निम्म्या जणींना रोगाची माहिती सांगितली, तपासणी मात्र केली नाही. २०१३ साली निष्कर्ष आला: तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. दुसऱ्या गटाला तपासणीवाचून का ठेवले, अशी टीकाही त्यावर झाली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. आपले ज्ञान त्या बायकांचेही ऋणी आहे.

तसाच दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात वाटा होता. खेड्यापाड्यांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! जागतिक आरोग्य संघटना आज हीच तपासणी सर्वांत चांगली मानते: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. आणि लाजऱ्या बाईसाठी सोय अशी की, यासाठी लागणारा नमुना तिला आडोशाला जाऊन स्वतःच घेता येतो.

लसीबद्दल पुष्कळ भगिनी विचारतात. ती २००६ पासून जगात आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने आपल्या देशातील पहिली अशी लस तयार केली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आणली. नऊ ते चौदा हे तिचे उत्तम वय, कारण विषाणू अंगात येण्याआधीच ती दिली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत या कर्करोगाची एकही रोगी आढळली नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ही लस आलेला विषाणू मात्र घालवीत नाही. शिवाय विषाणूच्या सगळ्याच प्रकारांना ती अडवीत नाही. म्हणून नातीला लस आणि आपल्याला तपासणी. आणि नात मोठी झाली की तिलाही तपासणी.

रोग झालाच, तरी धीर सोडण्याचे कारण नाही. आरंभी शस्त्रक्रियेने, पुढच्या पायरीवर किरणोपचार आणि औषधे मिळून इलाज होतो. किरणोपचारांच्या आधी सहा आठवडे औषधे देऊन पाहिल्याचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तशी औषधे मिळालेल्या शंभर जणींपैकी ८० जणी पाच वर्षांनी हयात होत्या. ती न मिळालेल्यांपैकी ७२. आठ जणी वाढल्या. आठ घरांत आई राहिली, असे मी त्याचे गणित मांडते.

आता शेवटची गोष्ट, जी मी आजवर घराबाहेर बोलले नव्हते. जाऊबाई गेल्यानंतरच्या वर्षी मी तपासणी करून घेतली. मला काहीच होत नव्हते. दुखत नव्हते, अंगावर जात नव्हते. तरी पांढरा डाग निघाला. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याची वाट होती. ती जागा अतिशय थंड करून मारून टाकली. दहा-पंधरा मिनिटांचे काम. पुढे काही आठवडे अंगावरून पाणी जात राहिले, इतकेच. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन नेहमीसारखी खिचडी टाकली. जाऊबाईंना आठ महिने झाकावे लागले, आणि माझे एका दुपारीत आटोपले. दोघींच्या नशिबात फरक नव्हता. मी आधी गेले, एवढाच फरक.

म्हणून भगिनींनो, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसले, पाळीच्या मध्येच दिसले, पतिपत्नीच्या संबंधानंतर दिसले किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर सब्ज्यावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि यातले काही होत नसले, तरी तपासणीला जा. एकटीला संकोच वाटतो, तर दोघी-दोघी मिळून जा. सासूने सुनेला न्यावे, सुनेने सासूला न्यावे. मंडळाच्या कपाटावर आजपासून एक वही ठेवली आहे. तीत नाव तेवढे लिहायचे, कारण लिहायचे नाही. एकदा उपचार झालेल्या बाईलाही पुन्हा तपासून घ्यावे लागते. माझी पाळी आता आली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे. दुसऱ्या ओळीची वाट पाहते.