वेड मोजायची पट्टी



विषयपत्रिकेवर ‘समाजमाध्यमांचे व्यसन’ असे छापले आहे. व्यसन आहे म्हणायचे तर ते मोजता आले पाहिजे. आज बोलायचे आहे ते या मोजण्याविषयी.

पालक तक्रार घेऊन येतात ती तासांची. “रोज चार तास मोबाइल हातात असतो हो!” पण आजीशी व्हिडिओ कॉल, शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ आणि रात्री अंथरुणात पाहिलेले रील्स हे सारे त्याच चार तासांत येते. शिवाय स्वतःचे तास लोकांना धड सांगताही येत नाहीत. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर ताडून पाहणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींचा मेळ जेमतेम मध्यम निघाला.

म्हणून संशोधक लक्षणांकडे वळले. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या सेसिली आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फेसबुकसाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी काढली. पुढे तीच सगळ्या समाजमाध्यमांना लावली गेली. वर्षभरात त्याचेच विचार डोक्यात घोळत राहिले का? वापर वाढवत जावासा वाटला का? स्वतःच्या अडचणी विसरायला त्याचा आसरा घेतला का? कमी करायला गेलात आणि जमले नाही, असे झाले का? मिळाले नाही तर बेचैनी आली का? अभ्यासाचे, नोकरीचे नुकसान झाले का? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज ६ ते ३०. ही चौकट ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांची, आणि ग्रिफिथ्स मुळात जुगाराचे अभ्यासक. जुगाऱ्याच्या मापाचा अंगरखा आपण शाळकरी पोरांना चढवतो आहोत, हे ध्यानात असू द्या.

आता धोक्याची रेघ कुठे ओढायची? हंगेरीतल्या सुमारे सहा हजार किशोरवयीनांच्या पाहणीवरून २०१७ मध्ये ती १९ वर ओढली गेली, आणि ४.५ टक्के मुले तिच्या पलीकडे गेली. चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये २४ हा आकडा सुचवला. म्हणजे २१ गुणांचा मुलगा एका देशात धोक्यात, दुसऱ्यात सुखरूप! आपल्याकडे तर अनेक घरांत एकच मोबाइल आई, मुलगा आणि मुलगी यांच्यात फिरतो. तिथे ‘मिळाले नाही तर बेचैनी’ ही मुलाची मोजायची की घरातल्या ओढाताणीची?

ब्रिटनमधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी या धाटणीची मजेदार परीक्षा घेतली. त्यांनी अशाच प्रश्नांची नक्कल करून ‘मित्रांना प्रत्यक्ष भेटण्याचे व्यसन’ मोजणारी प्रश्नावली बनवली आणि ८०७ जणांना दिली. त्यातले ६९ टक्के लोक मैत्रीचे व्यसनी ठरले. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा निबंध हाच.

तरीही या पट्ट्या फेकून द्या असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ४४ देश-प्रदेशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या जवळपास २ लाख ८० हजार मुलांना नऊ प्रश्नांची अशीच एक पट्टी लावली. समस्यात्मक वापर करणारी मुले २०१८ मध्ये ७ टक्के होती, ती २०२२ मध्ये ११ टक्के झाली; मुली १३, मुलगे ९. पट्टी तीच ठेवून चार वर्षांनी आकडा वाढला, तर काहीतरी हलले आहे एवढे नक्की.

मनावरच्या परिणामांचे काय? इथे एक मेख आहे. ज्यांचे गुण जास्त ते जास्त उदास असतात, असे अनेक पाहण्या सांगतात. पण मघाचा तिसरा प्रश्न आठवा: अडचणी विसरायला वापर. दुःखी माणूसच त्याला ‘फार वेळा’ म्हणणार! उदासी प्रश्नातच पेरायची आणि उत्तरात उगवली म्हणून नवल करायचे. उलट नुसत्या वापराशी स्वास्थ्य ताडले, की नाते फार बारीक निघते. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल वापराच्या वाट्याला आला. मात्र ही सरासरी झाली, आणि तिच्यात बुडालेले एखादे पोर दिसत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी तीन आठवडे एकेका माध्यमाला रोज दहाच मिनिटे दिली, तर त्यांचा एकटेपणा कमी झाला. आधीपासून जास्त उदास असलेल्यांची उदासीही उतरली.

आजारांच्या ज्या अधिकृत यादीवर जगभरचे डॉक्टर चालतात, तीत आज गेमिंगचा विकार आहे, समाजमाध्यमांचा नाही. म्हणून शिक्षकांना विनंती: प्रश्नावली वर्गात वाटून ‘व्यसनी’ मुलांच्या याद्या करू नका. पालकांनो, तास मोजण्याआधी झोप, जेवण, अभ्यास आणि मित्र यांतले काय आटले ते पाहा, आणि ते कधीपासून आटले ते मुलालाच विचारा. महिनोन्महिने आटलेलेच असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो निःशुल्क आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.