कागदावरची निगेटिव्ह

श्रोतेहो, निगेटिव्ह म्हणजे काय, हे आमच्या पेण तालुक्यात समजावून सांगावे लागत नाही. हमरापूर, जोहे ही गणेशमूर्तींची गावे आमच्या जित्यापासून जवळच. मूर्तीला जिथे उंचवटा, तिथे साच्यात खोलगट. साचा जपला की मूर्ती पुन्हा निघते. निगेटिव्ह हा प्रकाशाचा साचा. उजळ ते काळे, काळे ते उजळ.

हा साचा पहिल्यांदा तयार झाला तो कागदावर. इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी १८३५ साली आपल्या घरातल्या खिडकीची टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह कागदावर घेतली. १८४१ मध्ये त्यांनी सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच काळातला दाग्येरचा फोटो धातूच्या पत्र्यावर उमटे. पण तो एकुलता एक, त्यावरून प्रती निघत नसत. कागदाने ती सोय केली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन बिग्ज यांनी सरकारी कामगिरीवर विजापूरच्या आदिलशाही इमारतींची छायाचित्रे कागदी निगेटिव्हवर घेतली.

आज हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. डिजिटल कॅमेरा आला आणि तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी कलर लॅब बंद पडल्या. मुदत संपलेल्या रंगीत कागदाची खोकी मागे उरली. असेच एक अर्धे खोके मला एका स्नेह्याने दिले. या कागदावर चांदीच्या क्षाराचे तीन थर असतात. रंगीत रसायनात धुतला, तर त्या थरांत रंग तयार होतात आणि चांदी नंतर काढून टाकली जाते. पण कृष्णधवल डेव्हलपरमध्ये रंग तयारच होत नाहीत. नुसती चांदी काळी पडते. मग साध्या हायपोत स्थिर करायचे. रंगीत कामातला ब्लीच-फिक्स मात्र वापरायचा नाही, तो चित्रच पुसून टाकतो. कृष्णधवल कागदाला लाल दिवा चालतो; हा कागद लाल प्रकाशही ओळखतो, म्हणून हाताळायचा तो मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने.

कॅमेरा म्हणजे बुटांचे खोके. आतून काळे केलेले, पुढे पत्र्याच्या तुकड्याला सुईचे भोक. भर उन्हात दोन-तीन मिनिटे लागतात. जिते स्टेशनवर प्रयोग केला, तर चालती माणसे उमटलीच नाहीत, खांब आणि झाडे तेवढी आली. निगेटिव्ह तपकिरी, जरा फिकी येते. ती दुसऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवायची, वर काच, आणि पाठीमागून थोडा उजेड द्यायचा. कागदाचे तंतू आणि पाठीवर छापलेले कंपनीचे नावही कधीकधी चित्रात उतरते. आकाश पांढरे येते, कारण निळा प्रकाश या कागदावर जोरात उमटतो.

एवढा खटाटोप कशाला? आमचे वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांचा एकच फोटो घरात होता. कोकणातल्या पावसाने त्याला बुरशी धरली आणि चेहराच गेला. ज्या स्टुडिओत तो काढला, तो केव्हाच बंद झालेला; निगेटिव्ह कुठे गेली कोण जाणे. म्हणून अम्मीला मी ओट्यावर बसवले. ऐंशीची अम्मी तीन मिनिटे हलली नाही. भोक झाकल्यावर म्हणाली, "झालं? तुझ्या बापाला एवढा वेळ कधी बसवलं असतंस तर!"

चित्रात तिच्या डोळ्यांची उघडझाप नाही, पदराची फडफड नाही. जे थांबले तेवढेच उमटले आहे. त्याच्या तीन प्रती काढून मी तिन्ही बहिणींना दिल्या. साचा माझ्याकडे आहे, कोरड्या डब्यात, कागदात गुंडाळलेला.

श्रोतेहो, तुमच्याही कपाटात जुन्या फिल्मच्या पट्ट्या असतील. फोटो अल्बममध्ये आहेत म्हणून त्या रद्दीत टाकू नका. पावसाळ्याआधी एकदा बाहेर काढा, पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि पाकिटावर नावे लिहा. नावे सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)