दात नवा, हिरडी जुनीच

आज बोलू या डेंटल इम्प्लांटबद्दल, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताबद्दल.

इथे मोठ्या माणसांच्या दातांच्या नेहमीच्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही. खासगी विमा असला तरी मोठ्या कामासाठी बहुधा वर्षभर थांबावं लागतं. म्हणून आपल्यातले बरेच जण भारतवारीत हे काम उरकतात. एका वारीत स्क्रू, पुढच्या वारीत कॅप. मग वाटतं, आता या दाताला कीड लागायची नाही.

कीड लागत नाही, हे खरंच. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये याच गुणाचा उपयोग करून माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पण भोवतालची हिरडी आपली जुनीच असते. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रोवलेले असतात, इम्प्लांटभोवती ते नुसते वेढा घालून असतात. त्यामुळे जंतूंना खाली उतरणं सोपं जातं.

त्यातला एक जंतू म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. याला हवा सोसत नाही, म्हणून तो हिरडीच्या खोल फटीत राहतो. मेलबर्न विद्यापीठातले प्राध्यापक एरिक रेनॉल्ड्स आणि त्यांचे सहकारी याच्यावर बरीच वर्षं काम करत आहेत. याच्याविरुद्धच्या लशीचे उंदरांवरचे निष्कर्ष त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. पण आज आपल्या हातात आहे तो ब्रशच.

दुखणं दोन टप्प्यांत वाढतं. आधी हिरडी लाल होते, सुजते, ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर ती बहुतेक वेळा पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं तर हाड झिजू लागतं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. यात अनेकदा काहीच दुखत नाही. त्यामुळे दुखेल तेव्हा बघू, हा हिशेब इथे चुकतो. रक्त दिसलं की दाखवायला जा.

मधुमेह आटोक्यात नसेल, सिगारेट असेल किंवा आधी पायोरिया होऊन गेला असेल, तर धोका जास्त. आई-बाबा इथे राहायला आले असतील तर त्यांनाही विचारा. मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडवा, मिश्रीत तंबाखूच असते. दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश आणि डेंटिस्ट सांगतील तेवढ्या अंतराने तपासणी, एवढं घरात ठरवून टाका.

आणि एक कागदाचं काम. मी आयटीत सल्लागार आहे. दुसऱ्याने बसवलेली सिस्टिम कागदपत्रांशिवाय सांभाळायची म्हणजे काय हाल होतात, ते रोज पाहतो. इथल्या डेंटिस्टचंही तसंच होतं. स्क्रू सैल झाला तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा भाग लागतो. हाड किती झिजलं हे कळायला कॅप बसवल्यावेळचा एक्स-रे लागतो. तेव्हा इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर आणि तो एक्स-रे, एवढं भारतातल्या डॉक्टरांकडून याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. पुढच्या वारीची वाट पाहू नका.