हौदाचा पाय कलला, तर पाणी सोडा



आपल्यातल्या काही गटांनी कृषी पर्यटन सुरू केलंय. चुलीवरची भाकरी, बैलगाडी, हुरडा हे सगळं असतंच. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली मुलं उतरली की पहिलं विचारतात, "पोहायला कुठंय?" विहिरीत परक्याचं लेकरू सोडायची आपली छाती होत नाही. मग जमिनीवर उभा करायचा तो नळ्यांच्या चौकटीचा, जाड प्लास्टिकच्या कापडाचा हौद आपण आणतो. तासाभरात उभा राहतो, सुट्टी संपली की घडी करून ठेवता येतो. आज या हौदाच्या पायांबद्दल बोलायचंय. कारण पाय सरळ, तर हौद सुरक्षित.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. आमचा हौद गोल, १२ फूट रुंद, अडीच फूट उंच. जागा शेडजवळची, जराशी उताराची. खालच्या अंगाला आम्ही चार-पाच घमेली माती टाकली, पायानं दाबली आणि वर हौद मांडला. टँकरचं पाणी विकत घेऊन भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भराव टाकलेल्या बाजूचा एक पाय चार बोटं खचलेला आणि त्याचं खालचं टोक बाहेर सरकलेलं. दहा वाजता पंधरा मुलं येणार होती. एक जण म्हणाली, बांबूचा टेकू लावू, आजचा दिवस निघेल. दुसरी म्हणाली, पाण्याचे पैसे गेले तरी चालतील, पण आज कुणाला आत सोडायचं नाही. बराच वाद झाला. शेवटी पाणी सोडलं. पाहुण्यांना खरं ते सांगितलं. मुलं शेतातल्या तुषारखाली भिजली आणि खूश होऊन गेली.

आता हे का होतं ते बघू. आपण हौद बघतो तेव्हा डोळ्याला कापड आणि नळ्या दिसतात, पाण्याचं वजन दिसत नाही. १२ फुटी हौदात २ फूट पाणी म्हणजे सुमारे ६,४०० लिटर. एक लिटर पाणी एक किलोचं. म्हणजे जवळजवळ साडेसहा टन ओझं त्या जागेवर बसलेलं असतं. आणि पाणी नुसतं खाली बसत नाही, बाजूलाही रेटतं. १ फूट पाणी असेल तर कडेच्या प्रत्येक फुटावर साधारण १४ किलोचा रेटा येतो. पाणी २ फूट केलं की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे ५७ किलो. हा रेटा तळाशी सगळ्यात जास्त. म्हणून कापड खाली फुगतं आणि पायाचं खालचं टोक बाहेर ढकलतं.

आता जमीन कललेली असेल तर? समजा एका बाजूला ३ इंच उतार आहे. वरच्या बाजूला २ फूट पाणी असेल तेव्हा खालच्या बाजूला सव्वादोन फूट होतं. तिथला रेटा ५७ वरून ७२ किलोवर जातो. म्हणजे सगळ्यात जास्त जोर नेमका त्या बाजूला, जिथं आपण सैल भराव घातलेला असतो. आपल्या आज्या उतरंड रचायच्या तेव्हा आधी तळाचं मडकं बूड हलेना असं बसवायच्या. इथंही काम तेच आहे.

तर पहिली गोष्ट, जागा. घर, गोठा, चूल यांच्या वरच्या अंगाला हौद नको. कधी फुटलाच तर पाणी मोकळ्या रानात गेलं पाहिजे. काळ्या मातीवर नको. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मुरमाड, घट्ट जागा बघा.

दुसरी गोष्ट, सपाटी. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी आणा. तिच्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकं शेजारी धरून आधी पाणी सारखं येतंय का बघा. मग हौदाच्या मापाचं वर्तुळ आखून मध्ये एक आणि कडेनं सात-आठ खुंट्या ठोका. एकीनं नळीचं टोक मधल्या खुंटीला धरायचं, दुसरीनं कडेच्या खुंट्यांवर पाण्याच्या रेघेइतकी खूण करत फिरायचं. सगळ्या खुणा एका पातळीत आल्या की खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. जिथं अंतर कमी, तिथं उंचवटा. हा उंचवटा खणून काढा. खोलगट भागात माती टाकू नका. ही चूक आम्ही केली, तुम्ही करू नका.

जमीन सारखी झाली की खडे, धसकटं वेचा. लव्हाळा मुळासकट, गाठीसकट काढा. त्याचं टोक कापड भेदून वर येतं. वर जुनी जाड ताडपत्री अंथरा.

तिसरी गोष्ट, पायाखालची फरशी. नळीचं टोक बारीक असतं, ते मातीत रुततं. प्रत्येक पायाखाली फूटभर रुंदीचा फरशीचा तुकडा ठेवा. पण तो जमिनीवर नुसता ठेवायचा नाही. खाच करून असा बसवा, की त्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत येईल. सगळ्या फरश्या एकमेकींशी नळीनं तपासा. फरशीची धारदार कड कापडाला लागू देऊ नका. विटांचे थर मात्र कधीच नाहीत. ते घसरतात.

चौथी गोष्ट, जोडणी. प्रत्येक सांध्याची खीळ बसली का हात लावून बघा. पायांभोवती पट्टा दिलेला असेल तर तो वगळू नका. पायांना बाहेर सरकू न देणं हेच त्याचं काम. गोल हौदाचे पाय ओळंब्यानं तपासा. एक सांगते, काही लांबट हौदांचे बाजूचे पाय मुळातच तिरके असतात. ते ओढून उभे करू नका, सोबतच्या कागदातलं चित्र बघा.

पाचवी गोष्ट, भरणं. एकदम भरू नका. आधी वीतभर पाणी घ्या, तळाच्या चुण्या काढा, थांबा. चहूबाजूंनी पाणी सारखं आहे का मोजा. फरक दिसला तर तिथंच पाणी सोडून जमीन दुरुस्त करा. वीतभर पाणी गेल्याचं दुःख कमी असतं. सारखं असेल तर आणखी वीतभर भरा, प्रत्येक पाय बघा, मग पुढं. कारखान्यानं दिलेल्या रेघेच्या वर कधीच नाही.

हौद चालू असताना रोज सकाळी एक फेरी मारा. पाय खचला का, माती ओली झाली का, खीळ सुटली का. ओली माती म्हणजे कुठंतरी गळती. सांडणारं पाणी वाहून जायला बाजूनं चर काढा. कडेवर कुणाला बसू देऊ नका. शेळी पायाला बांधू नका, म्हशीला अंग घासू देऊ नका.

आणि तरीही पाय कललाच तर? भरल्या हौदाचा पाय ढकलून, ठोकून, टेकू देऊन सरळ करायचा नाही. मुलांना लगेच बाहेर काढा. कललेल्या बाजूला कुणी उभं राहू नका. खालच्या तोटीला पाईप जोडून पाणी झाडांकडे सोडा. कड वाकवून पाणी ओतू नका. रिकामा झाला की जमिनीपासून काम पुन्हा सुरू करा.

शेवटचं. पाय कितीही सरळ असले तरी लहान लेकराला दोन फूट पाणी पुरेसं असतं. मूल पाण्यात आहे तोवर गटातली एक बाई हौदाजवळ हवीच, हातात मोबाईल न घेता. त्या वेळी तिला दुसरं काम सांगायचं नाही. पोहणं संपलं की शिडी काढून ठेवा, भोवती कुंपण घाला.

आम्ही नंतर दोन दिवस खपून जागा खणली, फरश्या बसवल्या, हौद पुन्हा उभा केला. टेकू लावू म्हणणारीच आता रोज सकाळची फेरी मारते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि पाणी भरायच्या आधी नळी हातात घ्या.